परदेशात आपल्या फोनला ओळखतं कोण?

दुबईत उतरून फोन चालू केला की थोड्याच वेळात पडद्यावर तिथल्या कंपनीचं नाव झळकतं. हे कसं घडतं?

सिममधल्या क्रमांकाचे पहिले तीन आकडे देश सांगतात. उदाहरणार्थ, ४०४ म्हणजे भारत. अनोळखी पाहुण्याची चौकशी यजमानाने त्याच्या घरी करावी, तसं तिथलं फोर-जी नेटवर्क आपल्या भारतीय कंपनीला विचारतं. कंपनी एक कोडं आणि त्याचं अपेक्षित उत्तर पाठवते. सिम स्वतःजवळच्या गुप्त किल्लीने कोडं सोडवतं. उत्तर जुळलं, की प्रवेश! किल्ली मात्र सिमबाहेर जातच नाही.

पुढे डेटा बहुधा भारतात येऊनच इंटरनेटला मिळतो. म्हणून दुबईतलंच संकेतस्थळ उघडायलाही किंचित उशीर होतो. नव्या रचनेच्या फाइव्ह-जीत तर उत्तराची खातरजमा घरची कंपनी स्वतःही करते.