झिंग्याचे खाद्य : जवसाचे तेल व समुद्रशैवाल

पूर्व विदर्भातील बोड्यांत व शेततळ्यांत सहा-आठ महिने पाणी टिकत असेल, तर तेथे गोड्या पाण्यातील मोठी कोळंबी, म्हणजेच झिंगा, वाढविता येतो. या व्यवसायात खाद्याचा खर्च मोठा असतो. मासळीचे तेल महाग पडते. त्याऐवजी उतेऱ्याच्या जवसाचे तेल चालेल काय, आणि समुद्रशैवालाची भुकटी घालावी काय, हे दोन प्रश्न त्यामुळे उद्भवतात. दोन्ही वस्तू उपयुक्त आहेत. तथापि, तेल घालण्यापूर्वी खाद्यात मुळातच किती तेल आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

झिंग्याच्या खाद्यात एकूण स्निग्धांश शेकडा ५ ते ८ असावा. तो १० च्या वर गेल्यास वाढ खुंटू लागते. समजा, १०० किलो खाद्यासाठी २५ किलो सुक्या मासळीची भुकटी, ४० किलो लाकडी घाण्याची भुईमूग पेंड आणि ३० किलो भाताचा ताजा कोंडा घेतला. भुकटीतून सुमारे २ किलो, पेंडीतून ३ किलो व कोंड्यातून ४ किलो, असे ९ किलो तेल त्यात आपोआप आले. यावर आणखी तेल ओतणे म्हणजे पदरचे पैसे घालून नुकसान करून घेणे होय. याउलट, कारखान्यात तेल काढून घेतलेली पेंड व कोंडा वापरल्यास त्यांत शेकडा १ च्या आसपासच तेल उरते आणि तेवढ्याच मिश्रणात स्निग्धांश जेमतेम पावणेतीन किलो भरतो. अशा खाद्यात मात्र २ ते ३ किलो तेल अवश्य घालावे.

तेलांमध्ये जवसाचे तेल विशेष गुणकारी आहे. त्याचा सुमारे निम्मा भाग लिनोलेनिक आम्लाचा असतो. भुईमूग व सूर्यफूल यांच्या तेलांत ते नाममात्रच असते. परंतु कवच टाकण्याच्या क्रियेस कोलेस्टेरॉल लागते. ते झिंग्यास स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही आणि वनस्पती तेलांतूनही मिळत नाही. म्हणून जवसाचे तेल घातले, तरी मासळीची किंवा कोळंबीच्या डोक्यांची भुकटी खाद्यातून वगळू नये.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले जवसतेल खाद्यात कदापि वापरू नये. रंग लवकर वाळावा म्हणून त्यात धातूंचे क्षार मिसळलेले असतात. घाण्याचे ताजे तेलच घ्यावे. खवट वास येणारे तेल टाकून द्यावे.

समुद्रशैवालाचा मुख्य उपयोग खाद्य बांधून ठेवण्याकडे होतो. झिंगा खाद्याचा तुकडा नांग्यांत धरून सावकाश कुरतडतो. तेवढ्यात तुकडा विरघळला, तर खाद्य वाया जाऊन पाणीही नासते. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर आढळणाऱ्या सरगॅसमसारख्या तपकिरी शैवालातील चिकट द्रव्य हे विरघळणे थांबविते. शिवाय त्यातून क्षार आणि रंगद्रव्ये मिळतात. प्रथिने मात्र त्यात थोडीच असतात. म्हणून १०० किलोस २ ते ३ किलो पुरे. बंदरे व कारखान्यांची सांडपाण्याची नाली यांजवळचे शैवाल घेऊ नये, कारण ते विषारी धातू शोषून घेते. मालवण येथे १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झालेले असल्याने तेथूनही ते गोळा करू नये.

शैवाल गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन, वाळवून दळावे. मैद्याबरोबर त्याची खळ शिजवावी, निवाल्यावर कोरड्या मिश्रणात मळावी आणि तेल शेवटी घालावे. शेवयांच्या साच्यातून काढलेले खाद्य सावलीतच वाळवावे, कारण उन्हाने जवसाचे तेल लवकर बिघडते. एकदम फार साठा न करता पंधरवड्यापुरतेच खाद्य करावे. पेलाभर पाण्यात टाकलेला तुकडा तासभर तरी फुटता कामा नये.

झिंगा रात्री अधिक चरतो. म्हणून बरेचसे खाद्य सायंकाळी, काठालगत बुडविलेल्या पसरट टोपल्यांत द्यावे. सकाळी टोपलीत खाद्य उरलेले दिसल्यास त्या दिवशी प्रमाण कमी करावे. नवे मिश्रण प्रथम एकाच बोडीत वापरून, शेजारच्या बोडीतील झिंग्यांचे वजन दर पंधरा दिवसांनी त्याच्याशी ताडून पाहावे. ग्रामसेवकांनी या नोंदी वहीत ठेवण्यास शेतकऱ्यांस साह्य करावे.