हिवाळ्यांत उभी राहिलेली मोटार व तिचे टायर

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत दरवर्षीं १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत मोटारीस हिवाळी टायर असलेच पाहिजेत, असा कायदा आहे. जर्मनींत १९९७ सालापासून मोटारीचा नंबर ठराविक महिन्यांपुरताच घेतां येतो. ते महिने सरले कीं ती गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवितां येत नाहीं आणि उभीही करतां येत नाहीं. अशा देशांत ज्याच्या घरीं एखादी वेगवान स्पोर्ट्‌स मोटार असते, तो गृहस्थ ऑक्टोबर सरतां सरतां ती धुऊनपुसून गॅरेजांत उभी करतो व वर आच्छादन घालतो. बॅटरीची तो काळजी वाहतो, उंदीर शिरूं नयेत म्हणून धूर सोडणाऱ्या नळीच्या तोंडांत बोळा कोंबतो. टायरांचा मात्र त्यास विसर पडतो. चाक फिरलें तर झिजेल. फिरलेंच नाहीं तर काय व्हावयाचें आहे, अशी त्याची साधी समजूत असते. ही समजूत चुकीची आहे आणि प्रसंगीं जिवावर बेतणारी आहे.

टोरांटो किंवा शिकागो येथें स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांस हा प्रश्न परका राहिलेला नाहीं. पुण्यामुंबईच्या वाचकास मात्र थंडींत रबराचें काय होतें, हें प्रथम सांगावें लागेल. कारण त्याच्या अनुभवांत रबराचा शत्रु म्हणजे ऊन, थंडी नव्हे.

रबर म्हणजे लांबच लांब रेणूंचा गुंता. १८३९ मध्यें अमेरिकेंत चार्ल्‌स गुडइयर यांनीं रबरांत गंधक मिसळून तें तापविलें. त्यायोगें हे रेणू जागोजागीं एकमेकांस बांधले गेले आणि उन्हाळ्यांत चिकट न होणारें, हिवाळ्यांत सहसा न तडकणारें रबर हातीं आलें. ‘सहसा’ हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. प्रत्येक रबरास थंडीची एक मर्यादा असते. तिच्या वर रेणू हालूं शकतात, म्हणून रबर लवचीक. मर्यादेच्या खालीं ते जखडले जातात आणि तेंच रबर कांचेसारखें वागूं लागतें. ही मर्यादा कोठें पडावी हें कारखानदाराच्या मिश्रणावर अवलंबून असतें. हिवाळी टायर बर्फावरही मऊ राहावा म्हणून केलेला असतो. स्पोर्ट्‌स मोटारीचा उन्हाळी टायर याच्या अगदीं उलट. तापलेल्या डांबरावर त्यानें पकड घ्यावी, एवढ्याचसाठीं त्याचा जन्म. साधारण ७ अंश सेंटिग्रेडच्या खालीं त्याची पकड सैल पडूं लागते. जनरल मोटर्स कंपनी आपल्या कॉर्व्हेट गाडीसोबत जी पुस्तिका देते, तींत शून्याखालीं ७ अंशांहून अधिक थंडींत असे टायर पृष्ठभागावर तडकूं शकतात, असा इशारा दिलेला आहे.

थंड रबरानें केवढा अनर्थ ओढवतो, याचा दाखला साऱ्या जगानें एकदां पाहिला आहे. २८ जानेवारी १९८६ रोजीं फ्लॉरिडांतून सुटलेलें ‘चॅलेंजर’ हें अवकाशयान उड्डाणानंतर सुमारें ७३ सेकंदांतच नष्ट झालें व आंतील सातही जण मृत्यु पावले. आदल्या रात्रीं पारा शून्याखालीं उतरला होता. अग्निबाणाचे सांधे बंद राखणारीं रबरी कडीं त्या थंडींत कडक झालीं व दाब पडतांच तीं पूर्ववत् फुगून सांधा भरूं शकलीं नाहींत. पुढें चौकशीच्या वेळीं पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन यांनीं त्या रबराचा तुकडा लहानशा चापांत आवळून बर्फाच्या पाण्यांत धरला आणि चाप काढल्यावर तुकडा दबलेलाच राहतो, हें सर्वांसमक्ष दाखविलें. मोटारीच्या टायरचें रबर निराळें. पण नियम तोच.

आतां एका हितोपदेशाकडे वळावें. उभी मोटार दर पंधरा दिवसांनीं हातभर पुढेंमागें ढकलावी, म्हणजे टायर एकाच जागीं दबत नाहीं, असें जाणती मंडळी सांगतात. उबदार गॅरेजांत हा उपदेश उत्तम आहे. मॉन्ट्रियलच्या जानेवारींत, शेगडी नसलेल्या गॅरेजांत, तोच अपायकारक ठरतो. कारण कडक झालेल्या टायरास थंडीपेक्षां थंडींतली हालचाल अधिक बाधते. दीड टन वजनाखालीं चाक फिरलें कीं रबर वांकतें, आणि वांकावयाचें तेथें तडकतें. ती भेग त्या दिवशीं नजरेस पडेलच असें नाहीं. पण उन्हाळ्यांत ताशीं शंभर मैलांच्या वेगानें जाणाऱ्या गाडीचा सारा भार त्याच टायरवर असतो. म्हणून गॅरेज गोठलेलें असेल तर गाडीस हात लावूं नये. टायर एकदां फार थंड झालेच, तर गाडी हलविण्यापूर्वीं किंवा तीं चाकें बसविण्यापूर्वीं निदान ५ अंशांच्या वर असलेल्या खोलींत त्यांस चोवीस तास राहूं द्यावें. घाईनें गरम हवेचा झोत टायरवर सोडण्याचा मोह कित्येकांस होतो, तो टाळावा.

मग टायर दबण्याचें काय? हा दोषही खराच आहे व त्याचें कारण मोठें मौजेचें आहे. वेगवान टायरांत पोलादी पट्ट्यांवर नायलॉनच्या दोऱ्यांचें वेष्टन असतें. नायलॉन तापलें कीं नरम होतें व निवतांना ज्या आकारांत असेल तोच आकार धरून बसतें. इस्तरी केलेल्या कपड्याची घडी टिकते, तसेंच हें. लांबच्या फेरीहून आलेली गाडी तापल्या टायरांनिशीं उभी केली, कीं जमिनीला टेकलेला भाग सपाट राहून जातो. एका रात्रीची ही सपाटी वीस मिनिटें गाडी चालविली म्हणजे जाते. चार महिन्यांची मात्र कायम होऊन बसूं शकते, आणि मग चाक फिरतांना धक्‌धक् असा ठेका कायमचा ऐकूं येतो.

यावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे चाकांवरचा भार काढणें. कारखान्यानें नेमून दिलेल्या जागींच भक्कम स्टँड लावून गाडी उचलावी; केवळ जॅकवर ती महिनोन् महिने ठेवणें हें साहस आहे. चाकें काढून घरांत नेतां आलीं तर थंडीचा प्रश्नही आपोआप सुटतो, आणि जागा असलेल्या घरीं हेंच करावें. प्रत्येक चाकावर ‘पुढचें डावें’, ‘मागचें उजवें’ असें खडूनें लिहावें. लोखंडी चक्रासह असलेले टायर एकावर एक रचावेत किंवा टांगावेत. चक्राविना असलेले टांगूं नयेत, उभे ठेवून महिन्यास थोडे फिरवावेत.

गाडी उचलणें शक्य नसेल तर हवा थोडी अधिक भरून ठेवावी, पण टायरच्या कडेवर छापलेल्या कमाल दाबापलीकडे जाऊं नये. थंडीनें दाब उतरतो. दर साडेपांच अंशांस सुमारें एक पौंड. सप्टेंबरांत २० अंशांवर भरलेला टायर शून्याखालीं १० अंशांस पोंचला, तर पांच पौंडांहून अधिक दाब गळतीवांचूनच नाहींसा होतो. वसंतांत ही वाढीव हवा काढून टाकण्याची आठवण राहत नाहीं, यास्तव सुकाणूच्या चाकास एक चिठ्ठी बांधून ठेवणारा मनुष्य शहाणा म्हणावा.

उरला ओझोन वायु. विजेच्या मोटारींतून ज्या ठिणग्या उडतात, त्यांपासून तो उत्पन्न होतो आणि ताणलेल्या रबराचे रेणू तोडून बारीक भेगा पाडतो. टायरच्या मिश्रणांत यासाठीं मेण घातलेलें असतें. चाक फिरून वांकलें कीं तें पृष्ठभागावर येऊन संरक्षक थर धरतें. उभ्या टायरांत हें येणें मंदावतें. त्यांत हौशी लोक टायर काळेभोर दिसावे म्हणून चकाकीचे द्राव चोपडतात आणि कांहीं द्राव असलेला थरही धुऊन नेतात. साबणाचें सौम्य पाणी पुरे. मग टायर कोरडे करून काळ्या पिशवींत हवा काढून बांधावेत व पंखा, भट्टी, पेट्रोल यांपासून दूर ठेवावेत.

मार्च उलटला कीं पहिल्या दिवशीं दाब मोजावा, आणि विजेरीच्या उजेडांत नक्षीच्या खांचांचे तळ व कडा बोटानें चांचपून पाहाव्यात. भेग आढळली तर तो टायर परत चढवूं नये. तो महाग होता, हें कारण पुरेसें नाहीं. कडेवरील चार आंकडेही वाचावेत. ‘३८२१’ म्हणजे २०२१ सालचा अडतिसावा आठवडा. नक्षी कोरी दिसत असली तरी दहा वर्षांनंतर टायर बदलावा, असें कित्येक कारखानदार सांगतात. वर्षांतून चार महिने उभ्या राहणाऱ्या मोटारीचा टायर नक्षी झिजण्यापूर्वींच म्हातारा होतो. सारें ठीक असल्यास पहिले दहा-बारा मैल सावकाश जावें, आणि तो धक्‌धक् ठेका हळूहळू विरतो कीं नाहीं, हें कान देऊन ऐकावें.