फुकटचा प्रवास

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं शाळा सुटल्यावर आम्ही रामवाडीच्या एस. टी. स्थानकावर पनवेलकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत उभे होतों. आमच्या नववीच्या वर्गांतील दोघे विद्यार्थी शेजारींच मोबाईलवर एक चित्रफीत पाहत होते. तींत एक तरुण विमानाच्या रुंद आसनावर बसून, "या तिकिटासाठीं मीं खिशांतून कांहीं दिलें नाहीं," असें मोठ्या आनंदानें सांगत होता. दोघांपैकीं एकानें आम्हांस विचारिलें, "सर, हें खरें असेल का? आणि खरें असेल, तर आम्हांला कां जमूं नये?" आम्ही उत्तर देऊं लागलों, इतक्यांत गाडी आली व उत्तर अर्धेंच राहिलें. तें पुरें करावें, आणि मुलांबरोबर त्यांच्या आईबापांनींही तें वाचावें, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, तो तरुण बहुधा खोटें बोलत नव्हता. असा प्रवास घडतो, आणि कित्येकांचा तो उपजीविकेचा धंदाही झाला आहे. त्यांच्या मिळकतीचे मुख्य मार्ग तीन: कार्डांवर व विमानप्रवासावर मिळणारे गुण, ज्यांस सर्वजण पॉइंट्स म्हणतात, ते गुण वाढविण्यासाठीं माल घेऊन पुन्हां विकणें, आणि हॉटेलें, कंपन्या किंवा पर्यटनखातीं यांच्या खर्चानें केलेली सफर. हे तिन्ही मार्ग क्रमानें पाहूं.

गुणांची कल्पना फार जुनी नाहीं. सन १९८१ मध्यें अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीनें एक योजना काढिली. प्रवाशानें जितके मैल प्रवास करावा तितके त्याच्या नांवावर जमा व्हावे, आणि पुरेसे सांचले म्हणजे त्याला एक तिकिट मिळावें. गिऱ्हाईकानें दुसऱ्या कंपनीकडे जाऊं नये एवढाच मूळ हेतु होता. पुढें बँका या व्यवहारांत शिरल्या. आतां विमानकंपन्या आपले मैल बँकांस विकतात, आणि बँका ते क्रेडिट कार्ड वापरणाऱ्यांस वांटतात. त्यामुळें घरीं बसून तांदूळ-साखर खरेदी करणाऱ्यासही विमानाचे मैल मिळतात.

मग हा पैसा येतो कोठून? आकाशांतून तर पडत नाहीं. कार्डानें खरेदी झाली म्हणजे दुकानदार बँकेस कांहीं शुल्क देतो, आणि तें कधीं ना कधीं मालाच्या किंमतींत मिसळतें. दुसरा भाग कार्डाच्या वार्षिक वर्गणीचा. तिसरा भाग जे वेळेवर बिल भरीत नाहींत त्यांच्या व्याजाचा. समजा, एका कुटुंबानें महिन्यांत २०,००० रुपयांची खरेदी केली आणि शंभर रुपयांस एक रुपया या हिशेबानें त्यास २०० रुपयांचे गुण मिळाले. पुढें घरांत आजारपण आलें व बिल महिनाभर थकलें. व्याज दरमहा साडेतीन टक्के धरलें, आणि असा दर आपल्याकडील कार्डांवर सर्रास आढळतो, तर ७०० रुपये झाले. त्या व्याजावर १८ टक्के कराचे १२६ रुपये. म्हणजे २०० रुपयांच्या लाभापायीं ८२६ रुपये गेले. उशिराचा दंड निराळाच. जो दर महिन्यास संपूर्ण बिल फेडतो त्याचा प्रवास, न फेडणारा आपल्या व्याजानें भागवीत असतो. त्या चित्रफितींतील तरुणानें तिकिटाचे पैसे दिले नसतील. परंतु कोणीं तरी ते दिलेच आहेत.

कधीं कधीं मात्र हुशार मनुष्य योजना काढणाऱ्यालाच चकित करितो. सन १९९९ मध्यें अमेरिकेंत एका खाद्यपदार्थाच्या कंपनीनें जाहीर केलें कीं, आमच्या डब्यांवरील चिठ्ठ्या पाठवा आणि विमानाचे मैल घ्या. डेव्हिड फिलिप्स या अभियंत्यानें हिशेब केला, तेव्हां पुडिंगच्या स्वस्त डब्यांच्या किंमतीपेक्षां मैलांचेंच मोल अधिक भरलें. त्यानें सुमारे ३,१४० डॉलर खर्चून १२,००० हून अधिक डबे घेतले. इतक्या चिठ्ठ्या काढणें एका घराच्या आवांक्यांतलें काम नव्हतें. तेव्हां मुक्तिफौजेच्या लोकांनीं चिठ्ठ्या काढून द्याव्या व पुडिंग गरिबांसाठीं ठेवून घ्यावें असें ठरलें. त्यास साडेबारा लाखांहून अधिक मैल मिळाले. यांत कोणाचीही फसवणूक नव्हती. जाहिरातींतील अटी त्यानें मन लावून वाचल्या होत्या, इतकेंच.

दुसरी गोष्ट अशी नाहीं. अमेरिकेच्या टांकसाळेनें सन २००८ पासून एक डॉलरचीं नाणीं लोकांस मूळ किंमतींत घरपोंच देण्यास आरंभ केला; हेतु हा कीं, नाणीं चलनांत फिरावीं. लोकांनीं तीं कार्डावर मागविलीं, पेट्या न फोडतां बँकेंत भरल्या, त्याच पैशांनीं कार्डाचें बिल फेडिलें आणि मैल आपल्या खात्यांत जमा केले. नाणीं फिरलीं नाहींत, फिरले ते हे लोक! शेवटीं सन २०११ मध्यें टांकसाळेनें हीं नाणीं कार्डावर विकणेंच बंद केलें. ज्या वाटेनें खरें काम कांहींच होत नाहीं ती वाट कधीं तरी बुजविली जाते, हें यावरून ध्यानांत यावें.

येथून आपण दुसऱ्या मार्गाकडे, म्हणजे पुनर्विक्रीकडे येतों. घरखर्चानें गुण फारसे वाढत नाहींत. म्हणून कित्येक लोक सवलतीच्या दिवसांत कार्डावर मोबाईल फोनासारखा माल घेतात आणि तो दुसऱ्यास विकतात. नफा थोडा किंवा मुळींच नसला तरी गुण आपल्यापाशीं राहतात.

घेऊन विकणें हा कमीपणाचा धंदा आहे असें मात्र कोणीं समजूं नये. आपल्या पेण तालुक्याचें नांव ज्या व्यवसायानें दूरवर गेलें आहे त्यांतही तो आहे. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गांवीं गणेशमूर्ति वर्षभर घडतात. बाहेरगांवचे अनेक व्यापारी त्या रंग न दिलेल्या स्थितींत घाऊक भावानें घेतात, आपल्या गांवीं नेऊन रंगवितात आणि विकतात. परदेशीं जाणाऱ्या मूर्ति तर सणाच्या कित्येक महिने आधीं जहाजावर चढतात. या व्यापाऱ्यास नफा मिळतो तो कशाचा? त्यानें वाहतुकीचा खर्च सोसला, वाटेंत मूर्ति दुखावण्याची जोखीम घेतली, रंगाऱ्यास मजुरी दिली, आणि न खपलेला माल वर्षभर सांभाळला. म्हणजे त्यानें वस्तूच्या मोलांत कांहीं तरी भर घातली. पुनर्विक्री प्रामाणिक आहे कीं नाहीं हें ओळखण्याची हीच कसोटी: मधल्या माणसानें कोणतें काम केलें, आणि बुडीत आल्यास ती कोणाच्या माथीं बसणार?

या कसोटीस न उतरलेली एक हकीकत आम्हांस जवळून ठाऊक आहे. आमचा एक माजी विद्यार्थी, गणितांत चांगला, कॉलेजांत शिकत होता. एका ओळखीच्या मनुष्यानें त्यास सांगितलें कीं, तुझ्या वडिलांच्या कार्डावर फोन घेऊन मला दे. मी तुला पूर्ण किंमत व वर पांचशें रुपये देईन, गुण तुझेच. दोन वेळां पैसे चोख आले. तिसऱ्या खेपेस त्या मनुष्यानें एकदम चार फोन मागविले, घेऊन गेला, आणि त्यानंतर त्याचा फोन लागेना. पावती नव्हती, लेखी करार नव्हता. बिल अर्थातच वडिलांच्या नांवावर आलें. तें फेडण्यासाठीं धाकट्या बहिणीच्या शिक्षणाकरितां ठेविलेली मुदतठेव मोडावी लागली, आणि त्या मुलीचा पुढील प्रवेश एक वर्ष लांबला. नांव न घेतां ही गोष्ट सांगण्यास त्या विद्यार्थ्यानें आम्हांस स्वतः अनुमति दिली. तो म्हणाला, "सर, गुण अजून खात्यांत आहेत, पण ते वापरण्याची मला लाज वाटते." कार्ड हें घरच्या खर्चासाठीं असतें, त्यावर व्यापार चालल्याचें दिसल्यास बँका गुण रद्द करितात व कार्डही बंद करितात, हेंही त्यास मागाहून कळलें.

आतां तिसरा मार्ग, दुसऱ्याच्या खर्चानें प्रवास करून त्याचें वर्णन करण्याचा. हा आजकालच निघाला असें वाटतें. परंतु याचें एक जुनें उदाहरण आपल्याच तालुक्यांत आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे यांच्या घरीं कर्ज झालें होतें. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथें भरपूर दक्षिणा मिळेल, असें ऐकून ते सन १८५७ मध्यें आपल्या चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले. वाटेंत बंड उसळलें. झांशीच्या वेढ्याच्या वेळीं ते त्या शहरांतच होते, आणि तेथील लूट व कत्तल त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली. मिळविलेलें द्रव्य पुनःपुन्हां लुटलें गेलें. कर्ज फेडण्यासाठीं गेलेला हा पुरुष अखेर गंगेच्या पाण्याची कावड घेऊन जवळजवळ रिकाम्या हातानें घरीं आला. मात्र जें पाहिलें तें त्यांनीं सन १८८३ च्या सुमारास चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून लिहून काढिलें. तेंच 'माझा प्रवास' हें पुस्तक होय.

या पुस्तकाच्या इतिहासांत आमच्या विषयास उपयोगी असा एक धडा आहे. वैद्यांनीं तें सन १९०७ मध्यें प्रसिद्ध केलें, परंतु मूळ लिखाणांत बरेच फेरफार करून. विष्णुभटांनीं प्रत्यक्ष काय लिहिलें होतें तें वाचकांस कळण्यास सन १९६६ उजाडावें लागलें. त्या वर्षीं दत्तो वामन पोतदार यांनीं मूळ हस्तलिखितावरून पुस्तक छापिलें. प्रवास एकाचा, लेखणी त्याचीच. परंतु लिहविणाऱ्याचा व छापणाऱ्याचा हात मजकुरावरून फिरतो, आणि वाचकास त्याचा पत्ताही लागत नाहीं. वैद्यांपुढें विद्येचा हेतु होता. जेथें हेतु केवळ खोल्या भाड्यानें जाव्या एवढाच असतो, तेथें वाचकानें किती सावध राहावें बरें!

यासाठींच आपल्या देशांत आतां नियम झाले आहेत. जाहिरात मानक परिषदेच्या १४ जून २०२१ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणें, मोबदला घेऊन केलेल्या प्रसिद्धीवर तसें स्पष्ट लिहावें लागतें. सरकारनेंही २० जानेवारी २०२३ रोजीं या विषयीं मार्गदर्शिका काढिली; पैसाच नव्हे, तर फुकट सफर, मुक्काम किंवा भेटवस्तु मिळाली असली तरी ती सांगितली पाहिजे. सन २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें फसव्या जाहिरातीसाठीं पहिल्या वेळीं १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो, आणि तो शिफारस करणाऱ्यासही होतो. शिवाय धंद्याच्या निमित्तानें मिळालेला असा लाभ वर्षांत २०,००० रुपयांहून अधिक झाला, तर १ जुलै २०२२ पासून त्यावर १० टक्के कर मुळांतच कापण्याची तरतूद झाली आहे. म्हणजे जिला आपण फुकटची सफर म्हणतों ती सरकारच्या हिशेबीं मिळकतच होय.

मग दुसऱ्याचा पैसा घेतला कीं लेखणी विकली गेलीच, असें आहे काय? तसेंही नाहीं. पंडिता रमाबाईंचें चरित्र या बाबतींत वाचण्यासारखें आहे. सन १८८२ मध्यें त्यांनीं 'स्त्रीधर्मनीति' हें पुस्तक प्रसिद्ध केलें आणि त्याच्या विक्रीच्या पैशांतून पुढील वर्षीं इंग्लंडला जाण्याचा खर्च उभा केला; कोणाचें मिंधें होऊन जावयाचें नाहीं असा त्यांचा निश्चय होता. पुढें त्या अमेरिकेंत गेल्या. तेथील लोकांनीं सन १८८७ मध्यें बोस्टन येथें मंडळी स्थापून त्यांच्या शाळेस दहा वर्षें साहाय्य करण्याचें ठरविलें. इतकें होऊनही सन १८८९ मध्यें अमेरिकेचें प्रवासवृत्त लिहितांना त्यांनीं त्या देशाच्या गुणांचें मोकळेपणानें वर्णन केलें, तसेंच कृष्णवर्णीय लोकांस व मूळच्या रहिवाशांस तेथें कसें वागविलें जातें हेंही लिहिलें. साहाय्य त्यांनीं उघडपणें घेतलें, आणि लिहिलें तें पाहिल्याप्रमाणें.

रामवाडीच्या त्या दोघां मित्रांस आमचें राहिलेलें उत्तर असें आहे. प्रवास अवश्य करा, त्याविषयीं लिहा, आणि लिहिण्याचे पैसे मिळाले तर खुशाल घ्या. मात्र ते कोणाकडून मिळाले हें वाचणाऱ्यास आरंभींच सांगा. अठरा वर्षें पूर्ण होऊन कार्ड हातीं आलें म्हणजे तेवढाच खर्च करा, जेवढा त्याच महिन्यांत फेडतां येईल. वडिलांचें कार्ड दुसऱ्याच्या व्यापारास देऊं नका. आणि पुन्हां कधीं अशी चित्रफीत दिसली, तर ती आवडीनें पाहा, परंतु एक प्रश्न मनांत धरून: याचें भाडें कोणीं भरलें?

त्या दिवशीं गाडींत बसतांना आम्हां तिघांचीं तिकिटें आम्हींच काढिलीं. त्यावर तोच विद्यार्थी हंसून म्हणाला, "सर, आमचा प्रवास आज फुकट झाला!" तेवढ्यावरून त्यास अर्धें उत्तर आधींच कळलें होतें असें आम्हांस वाटतें.