मापाचेही माप

रेशनच्या दुकानात माझा बाप धान्य घेण्याआधी एकच वाक्य बोलायचा : "आधी रिकामा तराजू दाखवा." दुकानदार चिडायचा. रांगेतले लोक हसायचे आणि मला लाज वाटायची. बाप शाळेत गेलेला नव्हता. पण पारड्याखाली चिंच चिकटवतात हे त्याला पक्के ठाऊक होते. पुढे मी पदार्थविज्ञान शिकवू लागलो तेव्हा ध्यानात आले की, तो जे मागत होता त्याला आमच्या शास्त्रात अंशशोधन म्हणतात. अवकाशात अवरक्त दुर्बीण धाडणाऱ्या शास्त्रज्ञांची फार मोठी मेहनत याच कामी खर्ची पडते.

अवरक्त किरण म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, उष्णतेच्या रूपाने जाणवणारे किरण. १८०० साली विल्यम हर्शेलने लोलकातून सूर्यप्रकाश फाकवला आणि लाल रंगाच्या पलीकडे, जेथे काहीच दिसत नव्हते, तेथे तापमापक ठेवला. पारा चढला. पण तुलनेसाठी त्याने प्रकाशाच्या बाहेरही तापमापक ठेवले होते. ते नसते तर खोलीच तापली असेल, असे कोणीही म्हणाले असते. आपली पाठ्यपुस्तके नेमका हाच भाग गाळतात.

अडचण अशी की, तुम्ही, मी, ही भिंत, आपण सारेच अवरक्तात उजळत असतो. दुर्बीणही उजळते. त्यात पृथ्वीचे वातावरण यांतले बरेच किरण अडवते. म्हणून २५ जानेवारी १९८३ रोजी अमेरिका, नेदरलँड्स व ब्रिटन यांनी मिळून 'आयरास' हा उपग्रह सोडला तेव्हा त्याची ५७ सेंटिमीटरची दुर्बीण द्रवरूप हेलियमने गोठवून ठेवली होती. हेलियम संपले तसे दहा महिन्यांत कामही संपले.

थंड केले तरी तराजू खरा आहे कशावरून? यंत्राच्या आत एक लहानसा उष्ण उगम ठेवतात व तो अधूनमधून चमकवून पाहतात. त्यातून यंत्र कालच्यासारखेच आज वागते आहे काय, एवढे कळते. किलो म्हणजे खरोखर किलोच काय, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी आकाशातले ओळखीचे वजन लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून बलूनने उडवलेल्या एक मीटरच्या अवरक्त दुर्बिणीसाठी गुरूसारख्या ग्रहांचा असा उपयोग केला.

आयरासने ज्या ताऱ्यांकडे माप म्हणून पाहिले त्यांत अभिजित होता. पंचांगवाले ज्याच्या नावाने भरदुपारचा मुहूर्त काढतात तोच हा. (मुहूर्ताला त्या ताऱ्याचे तापमान विचारावे लागत नाही, ही त्यांची सोय!) अंतर २५ प्रकाशवर्षे, तापमान सुमारे दहा हजार अंश. तेजस्वी, निर्मळ, खगोलशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे इतर ताऱ्यांची तेजस्विता याच्याशी ताडून पाहिली होती. त्याच्याकडून दीर्घ तरंगलांबीचे किरण किती यावेत याचे गणित तयार होते. प्रत्यक्षात ६० मायक्रॉनला ते कित्येक पट अधिक आले.

आता काय करावे? सोपी वाट अशी होती की, अभिजित बरोबर आणि यंत्र चूक असे मानायचे आणि यंत्राचे आकडे खाली ओढायचे. तसे केले असते तर बाकी सगळे तारे खोटेच फिके ठरले असते, आणि अभिजितचे गुपित कायमचे झाकले गेले असते. ऑमान आणि जिलेट या शास्त्रज्ञांनी ते केले नाही. त्याच यंत्रावर दुसरे तारे गणिताबरहुकूम उतरत होते. म्हणजे खोट वजनातच होती.

अभिजितभोवती धूळ होती. ताऱ्याच्या उष्णतेने सुमारे ८५ केल्विनपर्यंत, म्हणजे शून्याखाली १८८ अंशांपर्यंत, तापलेले कण. 'तापलेले' हा शब्द आपल्याला हास्यास्पद वाटेल. पण अतिथंड दुर्बिणीला तीही धग जाणवते. १९८४ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सूर्याखेरीज एखाद्या ऐन उमेदीतल्या ताऱ्याभोवती घन पदार्थ आहे याचा तो पहिला ठोस पुरावा होता.

२५ डिसेंबर २०२१ रोजी सुटलेल्या जेम्स वेब दुर्बिणीसाठी शास्त्रज्ञ एकाच ताऱ्यावर भिस्त ठेवत नाहीत. श्वेतबटू, अभिजितच्या जातकुळीचे उष्ण तारे आणि सूर्यासारखे तारे अशा तीन गटांतले अनेक तारे घेऊन ते एकाला दुसऱ्याशी ताडून पाहतात. खुद्द अभिजितकडेही ही दुर्बीण वळली, ती त्याची धूळ पाहायला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रतिमांत ती धूळ ताऱ्याभोवती एखाद्या गुळगुळीत तबकडीसारखी पसरलेली दिसते.