क्रूझवरची शांत खोली : वरच्या मजल्याचा गैरसमज

मुंबईहून गोवा, कोची किंवा लक्षद्वीपकडे जाणाऱ्या क्रूझवर खोली निवडताना एक सल्ला हमखास मिळतो : जितका वरचा डेक आणि जितके भाडे जास्त, तितकी खोली शांत आणि तितकी झोप चांगली. हा सल्ला तिकीट विकणारे देतात, एकदा जाऊन आलेले नातेवाईक देतात आणि पहिल्यांदाच समुद्रावर निघालेली कुटुंबे त्यावर विश्वास ठेवून जास्तीचे पैसे मोजतात. सल्ला चुकीचा आहे. वरच्या डेकच्या भाड्यात देखावा, जागा आणि सेवा मिळते. शांतता त्यात धरलेली नसते आणि बोट लागणाऱ्या माणसाला तर ती खोली उलट जास्त त्रास देते.

या समजाचे मूळ जमिनीवरच्या अनुभवात आहे. ग्वाल्हेरच्या गोरखीत राहणाऱ्याला तो पटकन पटतो, कारण तिथे महाराज बाड्याचा बाजार, टेम्पो आणि गाड्यांचे भोंगे यांचा गोंगाट रस्त्यावरून वर चढतो. घर जितके उंच, तितका तो कमी. मुंबई-पुण्याच्या इमारतींतही वरच्या सदनिकेला याच कारणाने जास्त भाव मिळतो. जहाजाची रचना मात्र उलटी असते. जहाजाचा बाजार वर भरतो. पोहण्याचा तलाव, उघड्यावरचे संगीत, बुफेचे उपाहारगृह, व्यायामशाळा, मुलांची खेळायची जागा, हे सारे बहुतेक जहाजांवर सर्वांत वरच्या दोन-तीन डेकवर असते. त्याच्या लगेच खालची महागडी खोली म्हणजे त्या बाजाराचे तळघर ठरते. तलावाकाठच्या आरामखुर्च्या भल्या पहाटे मांडताना आणि रात्री आवरताना ओढल्या जातात. तो खरखराट पोलादी डेकमधून थेट खाली उतरतो. व्यायामशाळेत टाकलेले वजन आणि बुफेच्या स्वयंपाकघरातल्या ढकलगाड्या यांचेही तेच.

पोलाद आवाज वाहून नेण्यात फार तरबेज असते. हवेतून येणारा आवाज भिंतीतल्या लोकरीसारख्या भरावाने बराच अडतो. डेकवर आपटण्याचा आवाज मात्र सांगाड्यातून पसरतो. म्हणून जहाजाच्या नकाशात आपली खोली कोणत्या डेकवर आहे हे पाहण्याआधी तिच्या बरोबर वर आणि बरोबर खाली काय आहे ते पाहावे. वरही खोल्या, खालीही खोल्या आणि दोन्ही बाजूंना खोल्या, अशी जागा सापडली की निम्मे काम झाले. नकाशे कंपन्यांच्या संकेतस्थळांवर डेकवार दिलेले असतात. दोन डेकचे नकाशे एकाखाली एक ठेवून जिने आणि लिफ्ट जुळवले की आपल्या डोक्यावर नाट्यगृह आहे की कॅसिनो, हे पाच मिनिटांत कळते. एवढी पाच मिनिटे न देता हजारो रुपये जास्त भरले जातात, हे पाहून कोणालाही चीड यावी.

ज्यांना हे अतिशयोक्त वाटते, त्यांच्यासाठी आकडे उपलब्ध आहेत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१२ मध्ये जहाजांवरील आवाजाची संहिता मंजूर केली आणि ती १ जुलै २०१४ पासून लागू झाली. दहा हजार टनांहून मोठ्या नव्या जहाजावर कर्मचाऱ्यांच्या खोलीत आवाज ५५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असे ती सांगते. दोन खोल्यांमधल्या भिंतीची आवाज अडवण्याची क्षमता किमान ३५ डेसिबल, खोली आणि करमणुकीच्या जागेमधली ४५ डेसिबल, तर बोळ आणि खोली यांच्यातली अवघी ३० डेसिबल असावी, अशी तिची अट आहे. दोन खोल्यांमध्ये जोडदार, म्हणजे त्यांना आतून जोडणारा दरवाजा, असेल तर तिथेही ३० डेसिबल पुरेसे मानले आहेत. प्रवाशांच्या खोल्यांना ही संहिता लागू नाही, पण कुठली बाजू कच्ची असते हे त्यातून स्पष्ट दिसते : बोळाकडची आणि जोडदाराची. शेजारच्या अनोळखी कुटुंबाचे बोलणे शब्दन्‌शब्द ऐकू येण्याची तक्रार बहुधा जोडदाराच्या खोलीतूनच येते. आजी-आजोबा आणि नातवंडे शेजारी हवी असतील तर असा दरवाजा उपयोगी; एरवी तो टाळावा. नकाशात तो दोन खोल्यांना जोडणाऱ्या छोट्या खुणेने दाखवलेला असतो.

‘खालच्या डेकवर इंजिनाची घरघर असते’ हे या समजाचे जोडीदार वाक्य. त्यात अर्धे तथ्य आहे. खालचा आणि मागच्या टोकाकडचा भाग इंजिन आणि पंख्यांच्या जवळ येतो. तिथे थरथर जाणवते, आणि वेग वाढला की वाढते. पण खालचा आणि मधला भाग वेगळा. तिथे पोहोचते ती संथ, एकसुरी घरघर. झोप मोडते ती मुख्यतः अचानक येणाऱ्या आवाजांनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनी म्हणूनच शयनगृहासाठी दोन वेगळ्या मर्यादा दिल्या : सलग आवाजासाठी ३० डेसिबल आणि एकेकट्या आवाजासाठी ४५. क्षणिक आवाज सरासरीत लपतो, झोपेत लपत नाही.

खालच्या पुढच्या टोकाला आणखी एक उपद्रव आहे. धक्क्याला लागताना जहाज आडवे सरकवणारे पंखे तिथे पाण्याखाली असतात, आणि नांगराची साखळीही तिथेच सुटते. गोव्यात मुरगावला जहाज सकाळी लागत असेल तर पुढच्या खालच्या खोलीतल्या माणसाला गजराची गरज पडत नाही. लक्षद्वीपच्या बेटांशी मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. ते बाहेर उभे राहते आणि प्रवासी छोट्या बोटींतून किनाऱ्यावर जातात. या बोटी ज्या डेकवरून चढतात-उतरतात, त्याच्या आसपास त्या दिवशी पहाटेपासून वर्दळ असते.

आता हेलकाव्यांकडे. जहाज मुख्यतः दोन तऱ्हांनी हलते : पुढचे-मागचे टोक वर-खाली होते, आणि जहाज डावी-उजवीकडे कलते. दोन्ही हालचालींचा आस साधारण जहाजाच्या मध्याजवळ, पाण्याच्या पातळीच्या आसपास असतो. त्या मध्यापासून जितके दूर, तितकी हालचाल जास्त. कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज, जे सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून फेऱ्या करू लागले, १९९० मध्ये फ्रान्समधल्या सेंत-नाझेर येथे बांधलेले आणि सुमारे २११ मीटर लांब आहे. त्याचे टोक केवळ एक अंश वर उचलले गेले, तर मध्यापासून ८० मीटरवरची खोली सुमारे १.४ मीटर वर जाते. १० मीटरवरची फक्त १७ सेंटिमीटर. जहाज तीन अंश कलले तर आसापासून २० मीटर उंचीवरची खोली एक मीटरभर बाजूला सरकते, पाच मीटरवरची २६ सेंटिमीटर. यात मत-मतांतराला जागा नाही. ही शालेय भूमिती आहे. सर्वांत वरच्या डेकवरची, पुढच्या टोकाची, मोठ्या काचांची खोली दोन्ही हिशेबांत हरते, आणि अनेक जहाजांवर तीच सर्वांत महाग विकली जाते.

बोट लागण्याचा संबंध विशेषतः वर-खाली होणाऱ्या संथ हालचालीशी आहे. ओ’हॅनलन आणि मॅककॉली यांच्या १९७४ च्या प्रयोगांत सुमारे सहा सेकंदांत एक हेलकावा, या लयीच्या आसपास सर्वाधिक लोकांना मळमळ झाली. ज्याला घाटात गाडी लागते, त्याने मध्यभागातली, मधल्या किंवा खालच्या डेकवरची खोली घ्यावी आणि गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वी घ्यावी. ‘जहाजाला पंख असतात, त्यामुळे आता हलतच नाही’ हे ऐकून निर्धास्त होऊ नये. बाजूला निघणारे ते पंख कलणे कमी करतात, टोकांचे वर-खाली होणे नव्हे; आणि जहाज थांबले की पाणी त्यांच्यावरून वाहत नाही, म्हणून त्यांचा उपयोगही थांबतो.

जहाजाची लांबीही महत्त्वाची. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालेली ‘आंग्रिया’ ही मूळची जपानी बोट सुमारे १३१ मीटर लांब होती. तेवढ्याच लाटेवर लहान जहाज जास्त नाचते. ऋतूचा प्रभाव तर त्याहून मोठा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कोकण किनाऱ्याजवळचा अरबी समुद्र बहुधा शांत असतो, तेव्हा हेलकाव्यांपेक्षा आवाजाचा विचार आधी करावा. जून ते सप्टेंबरचा नैर्ऋत्य मोसमी वारा वेगळा. याच काळात, जून २०२३ मध्ये, ‘एम्प्रेस’ची चेन्नईहून श्रीलंकेची फेरी सुरू झाली होती, मोसमी महिन्यांतल्या अशा प्रवासात मध्यभागातली खोली हा पहिला निकष ठेवावा.

किरकोळ समज भराभर निकालात काढता येतात. आतल्या, बिनखिडकीच्या खोलीत गुदमरत नाही. खिडकी न उघडणाऱ्या सर्वच खोल्यांना यंत्रानेच हवा मिळते. मात्र क्षितिज दिसत नसल्याने बोट लागणाऱ्याला डेकवर यावे लागते. खालच्या डेकवरचे प्रवासी संकटात मागे राहतात, हेही खरे नाही : प्रत्येकाला जमण्याची जागा नेमून दिलेली असते, आणि २०१२ च्या कोस्टा काँकॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या दुर्घटनेनंतर बदललेल्या नियमानुसार २०१५ पासून निघण्यापूर्वी किंवा निघताच सराव घ्यावा लागतो. लिफ्टजवळची खोली सोयीची असते, पण रात्री उशिरा परतणाऱ्यांच्या गप्पा तिथेच रेंगाळतात. गुडघे दुखत असतील तर लिफ्टपासून सहा-आठ दरवाजे पुढची घ्यावी. समुद्र दिसणारी खिडकी प्रत्येक वेळी समुद्रच दाखवत नाही. काहींसमोर जीवरक्षक बोट टांगलेली असते, आणि अशा खोल्या स्वस्त का, हे तिथेच कळते. मुंबईहून दक्षिणेला जाताना किनारा डावीकडे असतो, परतताना उजवीकडे, त्यामुळे जाऊन-येऊन फेरीत कोणतीही बाजू जास्त पैसे देण्याच्या लायकीची नाही.

सर्वांत स्वस्त भाड्यात खोली कंपनी नेमते. प्रवाशाला फक्त प्रकार ठरवता येतो. झोप नाजूक असेल किंवा बोट लागत असेल, तर तिथे वाचवलेले पैसे महागात पडतात. वरचा प्रकार घेण्याऐवजी तेवढीच रक्कम खोलीचा क्रमांक स्वतः निवडण्यासाठी द्यावी, आणि तो क्रमांक पक्का करण्यापूर्वी वर-खालचे दोन्ही डेक नकाशात पाहून घ्यावेत. नंतर कंपनीकडून फुकट वरच्या डेकची खोली देऊ केली गेली, तरी होकार देण्यापूर्वी तिच्यासाठीही नकाशा उघडावा.