निसर्गोपचाराला जावे का? आधी आजाराचे नाव कळू द्या

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, कोणत्याही वस्तीत जा, हल्ली एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "निसर्गोपचारवाल्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन बघावं का?" कुणाचे गुडघे वर्षभर दुखतात, कुणाची शुगर खाली येत नाही, कुणाला बारा महिने ॲसिडिटी. मोबाइलवर व्हिडिओ येतो. शेजारची मावशी सांगते, "अमुक जण शिबिराला गेले आणि गोळ्या सुटल्या." मग घरात दोन तट पडतात. सून म्हणते जाऊ द्या, मुलगा म्हणतो पैसे पाण्यात जातील, आणि ज्यांना दुखते त्या आजी दोघांच्या तोंडाकडे बघत बसतात.

'जा' किंवा 'जाऊ नका' असा एकच निकाल आम्ही या पानावर देणार नाही. आजार कोणता, यावर ते ठरते. पण दोन गोष्टी ठामपणे सांगतो. आजाराचे नाव कळल्याशिवाय जाऊ नका. आणि गेलात तरी चालू औषध स्वतःहून बंद करू नका.

लोक तिकडे का वळतात?

याची कारणे खरी आहेत, त्यांना हसून चालणार नाही. दवाखान्यात तासभर रांग आणि डॉक्टरांसमोर दोन मिनिटे, हा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव आहे. प्रश्न विचारला तर कुणी खेकसते, आडनाव ऐकून कुणाचा सूर बदलतो. 'ही गोळी जन्मभर' एवढेच सांगितले जाते, का ते कुणी समजावत नाही. निसर्गोपचारवाला मात्र शेजारी बसवतो, काय खाता, झोप लागते का, असे विचारतो, नाडी हातात धरतो. माणसाला माणूस म्हणून वागवले की अर्धे दुखणे हलके होते. पण चांगली वागणूक आणि योग्य उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दवाखान्यात आपुलकी मिळत नसेल तर तिथे नीट वागणूक मागायची, तक्रार करायची. त्या रागात गोळी सोडली तर नुकसान आपलेच.

निसर्गोपचार म्हणजे नेमके काय?

माती, पाणी, ऊन, हवा आणि उपवास यांच्या आधाराने शरीर बरे करायचे, असा हा विचार आहे. पोटावर मातीची पट्टी, टबात बसून कटिस्नान, वाफ, मालिश, एनिमा, फळांचा रस आणि योगासने हे त्याचे नेहमीचे उपाय. यात औषध देत नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आपल्या राज्यात याची मुळे जुनी आहेत. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते, तिथे गांधीजी राहत. त्याच बापू भवनात १९८६ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. पुण्याजवळच्या उरुळी कांचनला गांधीजींनी मार्च १९४६ मध्ये रुग्ण तपासले आणि तिथे निसर्गोपचार आश्रम उभा राहिला.

पण निसर्गोपचाराच्या या सर्वांत मोठ्या पुरस्कर्त्याला अपेंडिक्स झाले तेव्हा काय केले? येरवड्याच्या तुरुंगातून त्यांना ससून रुग्णालयात नेले आणि १२ जानेवारी १९२४ च्या रात्री शस्त्रक्रिया केली. मातीची पट्टी बांधून कुणी वाट पाहिली नाही.

बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या वेदनांनी झोप लागत नसे. ते इन्सुलिन घेत. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाला. माईसाहेब स्वतः एम.बी.बी.एस. डॉक्टर होत्या. त्यांनी बाबासाहेबांचे पथ्य सांभाळले आणि औषधही सांभाळले. पथ्य आहे म्हणून औषध नको, असे त्या घरात नव्हते.

कुठे उपयोग होऊ शकतो?

तपासणी झाली आहे, मोठा आजार नाही हे कळले आहे, आणि तरी बद्धकोष्ठ, ॲसिडिटी, वाढलेले वजन, झोप न लागणे, कंबर-गुडघ्याचे जुने दुखणे असा त्रास आहे, तर जाणकार निसर्गोपचाराने आराम पडू शकतो. शुगर आणि बीपी असलेल्यांनाही चालणे, वजन उतरवणे, मीठ-तेल कमी करणे याचा फायदा होतोच. हे कोणताही एम.बी.बी.एस. डॉक्टरही सांगेल.

यातले बरेचसे घरीच आणि फुकट होते. रोज अर्धा तास भरभर चालणे. दादरची किंवा कळण्याची भाकर, सोबत तांदुळजा, अंबाडी, शेवग्याची भाजी. शेवभाजीवरची तर्री कमी, पापड-लोणचे कमी. तंबाखू, मशेरी, गुटखा बंद. यासाठी शिबिराची फी भरायची गरज नाही.

कुठे धोका आहे?

शुगर: इन्सुलिन किंवा शुगरच्या काही गोळ्या चालू असताना उपवास केला तर साखर एकदम खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखर किंवा गुळाचे पाणी द्या आणि दवाखाना गाठा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. लहान मुलांच्या मधुमेहात तर इन्सुलिन एक दिवसही बंद ठेवता येत नाही. १९२२ मध्ये टोरांटोला १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिले गेले. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणे हाच उपाय होता. मुले थोडे दिवस जास्त काढत आणि मग जात. उपवासाचा तो प्रयोग जगाने करून पाहिला आहे, आपल्या लेकरावर पुन्हा करायचा नाही.

बीपी: गोळी सोडल्यावर काही जाणवत नाही, म्हणूनच ती सुटते. आतून दाब वाढत राहतो आणि एक दिवस लकवा होतो. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, तर मालिश करत बसू नका. १०८ ला फोन करा.

खोकला: मिरचीच्या पथारीवर काम करणाऱ्या बायाबापड्यांना ठसका नेहमीचाच. त्यामुळे "खोकला मिरचीचाच" असे धरून चालतात आणि वाफेवर महिने निघतात. वाफेने घसा मोकळा होतो, पण क्षयरोग असेल तर तो आत वाढत राहतो आणि घरातल्या लेकरांना लागतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, वजन घटत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, तर आधी बेडका तपासा. तपासणी मोफत आहे, साधारण सहा महिन्यांच्या गोळ्या मोफत आहेत, आणि पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये मिळतात.

सिकलसेल: आपल्या जिल्ह्यात हा आजार आदिवासी बांधवांत मोठ्या प्रमाणात आहे, आणि राज्यात, विशेषतः विदर्भात, बौद्ध कुटुंबांतही आढळतो. या रुग्णांना गारठा आणि शरीरातले पाणी कमी होणे या दोन गोष्टी फार बाधतात. थंड पाण्याचे कटिस्नान आणि लांबलेला उपवास नेमके तेच करतात. त्यातून हाडे फोडणाऱ्या वेदनांचा झटका येऊ शकतो. हातपाय सारखे दुखतात, डोळे पिवळे होतात, असे मूल घरात असेल तर मालिश शोधण्याआधी सिकलसेलची रक्त तपासणी करा.

रस: किडनीच्या रुग्णाने भरमसाट रस पिऊ नये, रक्तात पोटॅशियम वाढून हृदयाला धोका होतो. आणि दुधी कडू लागला तर कुणीही त्याचा रस पिऊ नये. २०१० मध्ये दिल्लीत अशा कडू रसाने एका शास्त्रज्ञाचा जीव गेला.

गरोदर बाई, अंगावर पिणारे मूल आणि अशक्त म्हातारे माणूस यांनी उपवास, एनिमा, कडक वाफ यांच्या वाटेला जाऊ नये.

पाटीवर 'डॉक्टर' लिहिले आहे, पण...

आयुर्वेद-युनानीसाठी आणि होमिओपॅथीसाठी २०२० च्या दोन कायद्यांनी राष्ट्रीय आयोग नेमले गेले. निसर्गोपचार या दोन्हींत येत नाही. त्यामुळे थोड्या दिवसांचा कोर्स केलेला माणूसही पाटी लावून बसतो. या शास्त्राची पूर्ण पदवी बी.एन.वाय.एस. ही आहे. साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. विचारायला लाजू नका: "डॉक्टरसाहेब, पदवी कोणती आणि कुठल्या कॉलेजची?" पदवी खरी असेल तर उत्तर द्यायला राग येणार नाही.

आणि वर सांगितलेली खूण आठवा. निसर्गोपचारात औषध नसते. कुणी नाव नसलेली पुडी, गोळी किंवा सुई देत असेल तर तो निसर्गोपचार नव्हे. अशा पुड्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत दुखणे पळते, माणूस खूश होतो, आणि नंतर तोंड सुजते, शुगर चढते, हाडे ठिसूळ होतात.

'शुगर मुळासकट बरी', 'कॅन्सर हमखास बरा' अशी जाहिरात दिसली तर तिथूनच मागे फिरा. मधुमेह, कॅन्सर, बीपी, लकवा, क्षयरोग बरा करण्याची औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे.

पैशांचा हिशेब आधी मांडा

शिबिराची फी ही एकच रक्कम नसते. येणे-जाणे, सोबतच्या माणसाचे खाणे, दहा दिवसांची बुडालेली मजुरी हे सगळे कागदावर लिहा. त्यासाठी बचत गटातून किंवा सावकाराकडून कर्ज काढावे लागत असेल तर जाऊ नका, असेच आम्ही म्हणू. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मोठा आजार निघाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. रेशनकार्ड आणि आधार घरात हाताशी ठेवा.

जायचेच ठरले तर

कालामांना तथागतांनी जे सांगितले ते आपण विहारात ऐकतो. परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा मोठा म्हणून मानायचे नाही, पारखून घ्यायचे. औषधालाही तोच नियम. प्रत्येक तापाला सलाईन लावणाऱ्यालाही तो लागू आहे आणि निसर्गोपचारवाल्यालाही. म्हणून हे पाच प्रश्न विचारा:

१. माझ्या आजाराचे नाव काय, आणि ते कोणत्या तपासणीवरून ठरवले?
२. माझ्या चालू गोळ्यांचे काय करायचे? ('आजपासून बंद' असे उत्तर आले तर तिथूनच उठा.)
३. किती दिवसांत फरक पडेल, आणि तो कशावर मोजायचा?
४. त्रास वाढला तर रात्री कुठे न्यायचे?
५. एकूण खर्च किती, आणि पावती मिळेल का?

जाण्याआधी शुगर, बीपी आणि वजन वहीत लिहा. महिन्याने पुन्हा मोजा. शुगरवाल्यांनी तीन महिन्यांची शुगर दाखवणारी रक्त तपासणीही करावी. आकडे सुधारले तर ती वही घेऊन तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. गोळी कमी करायची की नाही ते त्यांना ठरवू द्या. अशी गोळी कमी होऊ शकते, कधी बंदही होते, पण ती आकडे बघून. 'बरं वाटतंय' एवढ्यावर नाही.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात एवढेच करा. आशाताईंना किंवा उपकेंद्राच्या आरोग्य अधिकाऱ्यांना बोलवा आणि वस्तीतल्या ३० वर्षांवरच्या सगळ्यांची शुगर-बीपी मोजून घ्या. कुठल्या डॉक्टरांकडे जायचे हा वाद त्यानंतर घाला. तेव्हा निदान तो कशाबद्दल आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत असेल.