प्रवण (विशेषण)

प्रवण हे मराठीत वापरले जाणारे तत्सम विशेषण आहे. ‘एखाद्या गोष्टीकडे झुकलेला’ किंवा ‘एखाद्या आपत्तीची विशेष शक्यता असलेला’ असा त्याचा अर्थ होतो. हा शब्द स्वतंत्रपणे क्वचित येतो. बहुधा तो समासाचे उत्तरपद असतो. उदा. पूरप्रवण, दरडप्रवण, अवर्षणप्रवण, अपघातप्रवण.

व्युत्पत्ती

संस्कृतमध्ये ‘प्रवण’ म्हणजे उतरता, खालच्या बाजूस कललेला. पूर्वेकडे उतरत्या यज्ञभूमीस ‘प्राक्प्रवण’ म्हणत. जमिनीच्या उतारावरून पुढे मनाचा कल असाही अर्थ रूढ झाला. ‘भावनाप्रवण’ व ‘कार्यप्रवण’ या शब्दांत धोक्याची छटा नाही. इंग्रजीतील ‘प्रोन’ हे विशेषणही ‘पुढे झुकलेला’ या अर्थाच्या लॅटिन ‘प्रोनस’पासून आले आहे.

उल्हास खोऱ्यातील उदाहरण

‘पूरप्रवण’ या शब्दात उताराचा मूळ अर्थ आजही स्पष्ट दिसतो. सह्याद्रीत उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, बदलापूरमार्गे कल्याणकडे वाहते, तर वालधुनी नदी अंबरनाथ व उल्हासनगर या शहरांतून जाते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत या परिसरातील सखल वस्त्यांत पुराचे पाणी शिरले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी स्थानकांदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली. तिच्यातील सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका करण्यात आली.

महाराष्ट्रात नदीकाठी निळी व लाल अशा दोन पूररेषा आखल्या जातात. निळी रेषा साधारणतः २५ वर्षांतून एकदा, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी दाखवते. नदीपात्र ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, तर दोन रेषांमधील पट्टा हे नियंत्रित क्षेत्र होय.

‘भेद्य’ या शब्दाशी तुलना

इंग्रजी ‘व्हल्नरेबल’ हा शब्द ‘जखम’ या अर्थाच्या लॅटिन ‘व्हल्नस’वरून आला असून ‘भेद्य’ हा त्याचा जवळचा प्रतिशब्द आहे. ‘पूरप्रवण’ हे प्रामुख्याने जागेचे विशेषण आहे, तर भेद्यता तेथे राहणाऱ्यांची सांगितली जाते. एकाच पूरप्रवण गल्लीतील तळमजल्यावरची खोली व तिसऱ्या मजल्यावरचे घर सारखे भेद्य नसतात. त्यामुळे एखादा भाग पूरप्रवण ठरला, तरी तेथे कोणाची किती हानी होईल हे केवळ त्या शब्दावरून कळत नाही.